चुन्याची पुडी आणि बुबुळाची कड

बोदवडच्या बाजारात तंबाखूच्या टपरीवर ज्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, त्यांत तंबाखूच्या शेजारी चुन्याच्याही पुड्या असतात. तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाचे चित्र आणि इशारा असतो; त्यासाठी पुडीचा ८५ टक्के दर्शनी भाग कायद्याने राखून ठेवला आहे. चुन्याच्या पुडीतून डोळ्याला असलेला धोका त्या इशाऱ्यात कुठेच येत नाही. पुडीतला पांढरा, ओलसर लगदा दाबला की इकडून तिकडे सरकतो, लहान मुलाच्या हाताला तो खेळण्यासारखा लागतो. मूल पुडी पिळते, दाताने फाडायला बघते, प्लॅस्टिक फुटते आणि चुन्याची पिचकारी डोळ्यात जाते. पुडी हाताळताना मूल तिच्याकडेच बघत असते, त्यामुळे नेम चुकत नाही.

दिल्लीच्या एम्समधील नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली वैद्यकीय नियतकालिकातून या फुटणाऱ्या पुड्यांकडे लक्ष वेधले होते. त्यानंतर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनेही हेच वारंवार नोंदवले की, भारतात मुलांचे डोळे रसायनाने भाजण्यामागे खायचा चुना हे मोठे कारण आहे. खानदेशात तर चुना घरोघर. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याच्या खिशात तो असतो, कानबाईच्या आणि दिवाळीच्या आधी भिंतींना लावण्यासाठी तो पिंपात भिजवलेला असतो, बांधकामावर असतो. गाडीच्या बॅटरीतले किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड, बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया, फटाके, उकळते तेल यांनीही डोळे भाजतात. पण घरातल्या लहान मुलाच्या हाताशी सहज येणारी वस्तू कोणती असे विचारले, तर पहिले नाव चुन्याचेच घ्यावे लागेल.

चुना आणि ॲसिड यांतला फरक लोकांच्या मनात उलटा बसला आहे. ॲसिड म्हटले की सगळे धावतात, चुना म्हटले की ‘खायचाच तर आहे’ म्हणून डोळा पदराने पुसला जातो. डोळ्याच्या बाबतीत मात्र अल्कली बहुधा ॲसिडपेक्षा वाईट. ॲसिडमुळे पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे ॲसिडला पुढे जायला काहीसा अडथळा होतो. अल्कली पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करते आणि आत शिरत राहते. अश्रूंचा पीएच साधारण ७.४ असतो, चुन्याच्या निवळीचा १२.४ च्या आसपास. आकड्यांत पाचाचाच फरक दिसतो, पण ही मोजपट्टी दहा-दहा पटींची आहे. म्हणजे फरक एक लाख पटींचा. अमोनिया किंवा कॉस्टिक सोड्याच्या वेगाने चुना आत जात नाही, हे खरे. त्याची खोड दुसरी आहे. त्याचे कण पापणीच्या आतल्या घडीत चिकटून बसतात आणि तासन्तास झिरपत राहतात. वरून धुतलेला डोळा आतून भाजतच असतो.

अशा डोळ्याचे पुढे काय होते, हे कळायला बुबुळाची रचना थोडी पाहावी लागेल. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी सतत झडतात आणि आठवडा-दहा दिवसांत तो थर नवा होतो. या नव्या पेशी काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवरच्या अरुंद वर्तुळाकार पट्टीतून येतात. या पट्टीला डॉक्टर लिंबस म्हणतात. कॉर्नियाच्या मूळपेशींचे हे घर आहे, हे १९८० च्या दशकातल्या संशोधनाने ठळक केले.

शेतकऱ्याला हे बांधाच्या उदाहरणाने लवकर कळेल. लिंबस बियाणे पुरवतो आणि बांधासारखा आडही येतो. पांढऱ्या भागावरचे रक्तवाहिन्यांनी भरलेले आवरण त्याच्यामुळे बुबुळावर चढत नाही. चुन्याने ही कड जळाली की दोन्ही कामे थांबतात. नवी पेशी येत नाही, आणि बांध फुटल्यावर गाजरगवत शेतात घुसावे तसे ते लालसर, अपारदर्शक आवरण बुबुळावर पसरते. घरचे लोक म्हणतात, डोळ्यात फूल पडले. डोळा लाल राहतो, उजेड सहन होत नाही, जखम भरते आणि पुन्हा उघडते.

अशा वेळी नातेवाइकांच्या तोंडी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो : नेत्रदानातला डोळा बसवता येणार नाही का? प्रश्न रास्त आहे, कारण बुबुळ बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहासच चुन्यापासून सुरू होतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमॉत्स गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी माणसातले पहिले यशस्वी कॉर्निया-रोपण केले. रुग्ण होता अलोइस ग्लोगर नावाचा मजूर, चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला. त्याचे एक रोपण टिकले आणि तो कामावर परतला. त्या डोळ्याच्या कडेचा काही भाग शाबूत राहिला असावा, असे आज मानायला जागा आहे.

कारण कड पूर्ण जळालेली असेल, तर दात्याचा कॉर्निया कितीही चांगला असला तरी तो एकटा टिकत नाही. नेहमीच्या रोपणात दात्याच्या बुबुळाचा मधला गोल तुकडा बसवतात. त्याच्यासोबत आलेल्या वरच्या पेशी काही काळ टिकतात, मग झडतात. त्यांच्या जागी नव्या पाठवायला मूळपेशीच नसतात. काही महिन्यांत तेच लाल आवरण नव्या बुबुळावरही चढते. कुटुंबाने उसनवारी करून शस्त्रक्रिया केलेली असते, दात्याचे बुबुळ वाया गेलेले असते, आणि पुढच्या रोपणासाठी डोळा आधीपेक्षा प्रतिकूल झालेला असतो. पीक का जळाले हे न पाहता तीच पेरणी पुन्हा करण्यासारखे हे आहे. भाजलेल्या डोळ्याच्या बाबतीत आधी कड दुरुस्त करायची आणि मग गरज असेल तर बुबुळ बदलायचे, हा क्रम महत्त्वाचा.

कड दुरुस्त करण्याची कल्पना तशी सरळ आहे. एक डोळा भाजला असेल, तर दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या मूळपेशी आणून लावायच्या. केन्यन आणि त्सेंग या डॉक्टरांनी १९८९ साली हे करून दाखवले, पण त्यासाठी चांगल्या डोळ्याच्या कडेचा बराच मोठा भाग काढावा लागे. एकाक्ष माणसाच्या एकमेव डोळ्याला हात लावायचा म्हणजे रुग्ण घाबरणार आणि डॉक्टरही. १९९७ साली इटलीच्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी यातून वाट काढली. अगदी छोटा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवायच्या आणि तयार झालेला पातळ थर डोळ्यावर लावायचा. त्यांच्या गटाने २०१० मध्ये ११२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७७ टक्के रुग्णांत बुबुळाचा पृष्ठभाग टिकून राहिला होता, काहींत तर दहा वर्षांपर्यंत. युरोपात २०१५ साली या उपचाराला परवानगी मिळाली.

जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला ‘टिश्यू कल्चर’ समजावून सांगायची गरज नाही. रावेर-यावलच्या केळीबागांत प्रयोगशाळेतून आलेली ग्रँड नैनची रोपे लागतात. आधी शेतकरी कंद लावत, मग टिश्यू कल्चर आले. डोळ्याच्या बाबतीत गंमत अशी की भारतात ही गाडी उलट दिशेने गेली, आणि त्यातच तिचे मोठेपण आहे.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान, डॉ. गीता वेमुगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे रोपण सुरू केले. भाजलेल्या २०० डोळ्यांचे निष्कर्ष त्यांनी २०११ मध्ये मांडले, त्यांत ७१ टक्के यशस्वी ठरले होते. पण त्यासाठी निर्जंतुक प्रयोगशाळा लागे, प्रशिक्षित माणसे लागत, पेशी वाढण्यासाठी दहा ते चौदा दिवस थांबावे लागे, आणि खर्च येई तो वेगळा. भारतात अशा प्रयोगशाळा किती रुग्णालयांना परवडणार? मग याच गटाने वेगळा विचार केला. पेशी वाढवायला प्रयोगशाळाच कशाला हवी? डोळा हीच प्रयोगशाळा का नसावी?

२०१२ साली त्यांनी सहा रुग्णांवर केलेली ही साधी पद्धत जाहीर केली. तिला ‘स्लेट’ म्हणतात. चांगल्या डोळ्याच्या कडेतून दोन मिलिमीटर लांब-रुंद एवढाच तुकडा घेतात, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. भाजलेल्या बुबुळावर चढलेले आवरण सोलून काढतात. त्यावर वारेच्या आतल्या बाजूचे पातळ पारदर्शक आवरण पसरतात. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये मिळालेल्या वारेतून, आईच्या एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या करून, हे आवरण घेतलेले असते. मग त्या चिमुकल्या तुकड्याचे आठ-दहा बारीक भाग करून बुबुळावर गोलाकार ठेवतात आणि जैविक गोंदाने चिकटवतात. वर एक मऊ लेन्स. एवढेच. प्रत्येक तुकड्याभोवती पेशी पसरत जातात आणि साधारण दोन आठवड्यांत एकमेकींना भिडून पृष्ठभाग झाकतात. प्रयोगशाळेतून पुन्हा शेतात, थेट कंद लावण्यासारखे हे झाले.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या अभ्यासात ६५ प्रौढ आणि ६० मुले होती. सगळ्यांचा एक डोळा भाजलेला होता. मध्यक दीड वर्षाच्या पाठपुराव्यात ७६ टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग टिकला, म्हणजे महागड्या प्रयोगशाळेच्या तोडीस तोड. प्रौढांच्या जवळजवळ बरोबरीने मुले आहेत, ही गोष्ट त्या आकड्यांत वेगळी पाहावी. जगभर आज ही शस्त्रक्रिया होते. तिला लागणारी मुख्य साधने म्हणजे मोतीबिंदूसाठी वापरतात तसा सूक्ष्मदर्शक, वारेचे आवरण, गोंद आणि शिकलेला हात. यातले पहिले साधन जिल्ह्याच्या पातळीवर असतेच, उरलेली आणता येतात.

मर्यादाही सांगायला हव्यात. ही शस्त्रक्रिया ताज्या जखमेवर करत नाहीत, डोळ्याची आग शमायला काही महिने द्यावे लागतात. पापण्या बुबुळाला चिकटल्या असतील किंवा नीट मिटत नसतील, तर आधी त्या सुधाराव्या लागतात. डोळा ठार कोरडा असेल तर लावलेल्या पेशी जगत नाहीत. अल्कलीमुळे आत काचबिंदू झाला असेल, तर पृष्ठभाग आरशासारखा झाला तरी नजर येत नाही. आणि दोन्ही डोळे भाजले असतील तर स्वतःच्या मूळपेशीच उरत नाहीत. मग नातेवाइकाच्या किंवा मृत दात्याच्या कडेचा तुकडा घ्यावा लागतो, आणि शरीराने तो नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्या औषधांच्या तपासण्यांसाठी महिन्याला शहर गाठणे मजुराला किती जमेल, हा वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नसलेला प्रश्न आहे.

दोन्ही डोळ्यांच्या रुग्णांसाठी जपानमध्ये दुसरी वाट शोधली जात आहे. ओसाकाचे कोहजी निशिदा यांच्या गटाने आधी तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी वापरल्या. पुढे प्रौढ पेशींना मूळ अवस्थेत नेऊन त्यांपासून बनवलेले कॉर्नियाचे थर चार रुग्णांना लावले. त्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आशादायक आहेत, पण रुग्ण चारच आहेत. बोदवडच्या रुग्णाने त्यासाठी आज थांबून राहावे, असे त्यात काही नाही.

‘स्टेम सेल’ या शब्दाचा बाजारही याच काळात तयार झाला आहे. डोळ्याभोवती किंवा शिरेतून इंजेक्शन देऊन कुठलाही अंधत्वाचा आजार बरा करण्याची जाहिरात मोबाइलवर दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताच्या आजारांसाठीचे रोपण वगळता मूळपेशींचे उपचार परवानगी घेतलेल्या चाचणीबाहेर सर्रास विकायचे नाहीत. ‘स्लेट’मध्ये माणसाच्या स्वतःच्या ऊतीचा तुकडा एका डोळ्यातून दुसऱ्यात लावला जातो, त्यावर प्रयोगशाळेत कोणतीही प्रक्रिया होत नाही. एक साधी खूण लक्षात ठेवता येईल. ज्या ठिकाणी डॉक्टर कडेची तपासणी न करता, दुसऱ्या डोळ्याकडे न बघता, आधी पॅकेजची रक्कम सांगतात, तिथून उठून यावे.

आता मुद्दा आपल्या तालुक्याचा. ही शस्त्रक्रिया कुणाला लागेल, आणि लागलीच तर तिला यश किती येईल, हे बहुतांशी पहिल्या अर्ध्या तासात ठरते. त्या वेळी डोळ्याजवळ हवे असते फक्त पाणी. नळाचे, हातपंपाचे, माठातले, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ सोसणाऱ्या बोदवडमध्येही त्या क्षणी हात आखडता घेऊ नये. कोरडी भुकटी पडली असेल तर ती आधी कापडाने झटकावी. भाजलेला डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके कलते धरावे, बोटांनी पापण्या उघड्या ठेवाव्यात आणि वीस ते तीस मिनिटे पाण्याची धार सोडत राहावी. मूल रडेल, हातपाय झाडेल. चादरीत गुंडाळून धरावे, पण धार थांबवू नये. रिक्षा मिळाली म्हणून धुणे अर्धवट सोडून निघणे ही फार सामान्य चूक आहे, पाण्याची कळशी आणि तांब्या सोबत घेऊन निघता येते. लिंबू, ताक, व्हिनेगर घालून चुना ‘मारण्याचा’ प्रयत्न नको. दूध, मध, तूप, गुलाबपाणी, एरंडेल यांनीही चुना निघत नाही.

ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचल्यावर नोंदणीच्या रांगेत वेळ जाता कामा नये. सुन्न करणारा एक थेंब, सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटची बाटली, तिची नळी, आणि सतत धार, हे काम परिचारिकाही सुरू करू शकते. वरची पापणी उलटी करून, दोनदा उलटी करून, घडीत दडलेले चुन्याचे कण कापसाच्या काडीने काढले पाहिजेत. हे राहिले तर चार बाटल्या वाया. धुणे कधी थांबवायचे, हे घड्याळ नाही, पीएचची पट्टी सांगते. धार थांबवून पाच-दहा मिनिटांनी पट्टी लावायची, ७ ते ७.४ आले आणि तिथेच टिकले, तरच थांबायचे. वेगळी पट्टी नसेल तर लघवी तपासण्याच्या पट्टीवरही पीएचचा चौकोन असतो. ती तर सगळीकडे असते. सुन्न करणारा तो थेंब मात्र रुग्णाला घरी द्यायचा नाही, त्याने जखम भरणे थांबते. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेले स्टिरॉइडचे थेंबही नकोत. पहिल्या आठवड्यात स्टिरॉइड उपयोगी असते, पण ते नेत्रतज्ज्ञाच्या नजरेखाली.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. मोतीबिंदूच्या बाबतीत त्याने केलेले काम डोळ्यांसमोर आहे. पण कार्यक्रमाचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजायची सवय लागली की, वर्षाकाठी मोजकेच येणारे भाजलेले डोळे हिशेबाबाहेर राहतात. मोतीबिंदूचा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा असतो, चुन्याने भाजलेले मूल चार-पाच वर्षांचे. त्याच्यापुढे पन्नास-साठ वर्षांची दृष्टी उभी असते. शिवाय त्या वयात बुबुळ वर्षभर झाकलेले राहिले, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मग उशिरा केलेली उत्तम शस्त्रक्रियाही नजर पूर्ण परत आणू शकत नाही.

म्हणून जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी निदान एका ठिकाणी ही शस्त्रक्रिया नियमित झाली पाहिजे. त्यासाठी एक-दोन नेत्रतज्ज्ञांना प्रशिक्षणासाठी पाठवणे आणि वारेच्या आवरणाचा पुरवठा बांधून घेणे, एवढी तयारी लागते. रोज प्रसूती होणाऱ्या रुग्णालयांना वारेची टंचाई नाही, ती गोळा करून तपासून साठवणारी व्यवस्था हवी. हैदराबादला जाणाऱ्या कुटुंबाचा तिकीटखर्च तरी जुळवता येतो, पण तपासणीसाठी पुन्हा पुन्हा बुडणारी मजुरी जुळत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला रुग्ण येईनासा होतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया आणि तिचा पाठपुरावा दोन्ही बसतात का, हे लोकप्रतिनिधींनी विचारावे आणि बसत नसेल तर बसवून घ्यावे.

चुन्याच्या पुडीचे तर इतके अवघडही नाही. पिळल्यावर फुटणारी पातळ पिशवी बंद करून फिरकीच्या झाकणाची कडक डबी सक्तीची करता येते. त्यावर डोळ्याचे चित्र आणि ‘डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा’ एवढे मराठीत छापता येते. तोपर्यंत टपरीवाल्याने लहान मुलाच्या हाती चुना देऊ नये, आणि घरच्यांनी तंबाखू आणायला मुलाला धाडू नये. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका लसीकरणाच्या दिवशी जमलेल्या आयांना हे दोन मिनिटांत सांगू शकतात. तंबाखू सोडा, असे सांगून न सोडणारा माणूसही डबी फळीवर उंच ठेवायला तयार होतो.

आणि रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर नुसते ‘डोळ्याला इजा’ असे लिहू नये. काय पडले, किती वाजता पडले, घरी किती वेळ धुतले, रुग्णालयात किती बाटल्या वापरल्या, शेवटचा पीएच किती, पापणी उलटून कण काढले की नाही, आणि बुबुळाची कड घड्याळाच्या किती तासांएवढी पांढरी पडलेली दिसते, हे सगळे त्यावर हवे. शेवटची नोंद विशेष काळजीने करावी, कारण सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेचा निर्णय घेणारा डॉक्टर आधी तीच शोधतो.